गिरणीच्या दारातला डेन्मार्क

२ फेब्रुवारी २०२६
नाही म्हणजे नाही! नंदिनीला फोनवर सांगून टाकलं. नऊ वर्षं डेन्मार्कात, कोपनहेगनला राहिलीस, आणखी रहा. पण तिथलं नागरिकत्व घ्यायचं म्हणजे इथलं सोडायचं — पोटच्या पोरीच्या असल्या बेताला मी हो म्हणू?

म्हणाली, "तू नको म्हणालीस तर अर्ज करणार नाही, आई." एवढ्यावर थांबली असती तर बरं! पुढं म्हणते, "पण इथं भरलेला कर डोळ्यांना दिसतो. आपल्याकडं कुठं दिसतो?"

असं काय? दाखवतेच.

९ फेब्रुवारी
आठवडाभर दुपारी माझी पिठाची गिरण बंद ठेवून वाचनालयात बसले. शाळा चौथीपर्यंतच, पण आकड्यांना मी भीत नाही. देशानं शंभर रुपये कमावले तर त्यातला कर किती — एवढंच शोधलं. साठ वर्षांपूर्वी आपण दहाच्या आसपास, ते तिसाच्या. आता आपण सतरा-अठरा, ते चाळिसाच्या वर. तोंड कडू झालं. मग हट्टानं आणखी मागं गेले. १९५० च्या सुमाराला डेन्मार्क विसाच्या आसपास! म्हणजे तेही कधीतरी आपल्याच पायरीवर उभे होते की! आपणही चढूच; मग आमच्याच पोरींना देश सोडायची एवढी घाई का?

१० फेब्रुवारी
दारातल्या फळ्यावरचे दळणाचे दर पुसले, दोन्ही देश लिहिले: डेन्मार्क १९५० — वीस, आपण आज — अठरा. समोरचे सायकलवाले हंबीरराव गव्हाचा डबा घेऊन आले.

"आक्का, दर कुठं गेलं? आता डेन्मार्क दळून देणार काय?" वर आणखी, "आन् तुमी कवा भरलाय हो इन्कमटॅक्स?"

"साबणावर भरतेय, चहापत्तीवर भरतेय, गिरणीच्या ह्या मोटारीच्या पट्ट्यावर भरतेय! जो भरतो, तो विचारणार. मी विचारणारच!"

चिडले खरी, पण पीठ बारीकच दिलं. त्यांना दात कुठं आहेत!

१२ फेब्रुवारी
दळणाला आलेल्या शालूबाईंनी जोंधळ्याची पिशवी टेकवली, फळा वाचला. "आक्का, त्यांचं पोतं, आपला डबा. पोत्यातनं वीस मापं आन् डब्यातनं अठरा सारखीच व्हय?"

नाही सारखी, मुळात कमाईच वेगळी. कळतं मला. दुपारभर तेच डोक्यात. फळा मात्र पुसला नाही. पुसायचा नाही!

१६ फेब्रुवारी
फळ्याचा फोटो नंदिनीला धाडला होता. वाटलं हसेल. आज तिचा फोन आला, तो हसण्याचा नव्हता.

"आई, ह्यात मी कुठल्या बाजूला?"

तीच पुढं म्हणाली,

"पगारातला तिसऱ्या वाट्याहून जास्त भाग इथं करात जातो, नऊ वर्षं. नगरपालिकेला मत देते. पण कर किती घ्यायचा, कशावर घालवायचा हे ठरवणारे खासदार निवडायचे तेव्हा मी घरात बसते, इथली नागरिक नाही ना. मी नुसती भरते गं."

"गिरण सुरू करायचीय," म्हणून फोन ठेवला. आज सोमवार. गिरण बंद असते!

१७ फेब्रुवारी
फळा मीच पुसला. दळणाचे दर लिहिले. खाली ठळक एकच ओळ — जो भरतो, तो विचारणार. फोटो नंदिनीला पाठवला. सोबत लिहिलं: अर्ज दे, बाळ. आणि तिथं गप्प बसलीस तर माझ्याशी गाठ आहे.