टोनीच्या बोटीचे दिवस

मंगळवार, १२ ऑक्टोबर २००४, श्रूजबरी

माझा मच्छीमार मित्र टोनी आपल्या बोटीचे दिवस विकतोय. दुपारी फोनवर त्यानेच कबूल केलं. कॉड मासे पकडायला इथलं अमेरिकी सरकार प्रत्येक बोटीला वर्षाचे मोजके दिवस देतं. टोनीचे ते दिवस, परवान्यासकट, बंदरातला सगळ्यात मोठा बोटमालक घेतोय. आणखी एक बोट गिळली त्याने.

पुण्याच्या पेपरला पाठवायच्या लेखाला मथळा दिला, ‘टोनीच्या बोटीचे दिवस गेले’. सुमाने मागून वाचलं.

“बोटीला दिवस गेले? अहो, कितवा महिना?”

हसलो, खोडलं. ‘विकले’ लिहिलं. तेही पटेना; दिवस काही एकट्या टोनीचे नव्हते. “एवढ्या दिवसांत दोघांचं भागत नाही,” म्हणाला होता टोनी. दुसरा म्हणजे मॅन्युएल, वीस वर्षं त्याच्यासोबत जाळं ओढणारा. त्याला अजून सांगितलेलं नाही. मला सांगितलं, कारण बंदरात मराठी कोण वाचणार?

म्हणजे मॅन्युएलच्या आधी पुण्याला कळणार. संध्याकाळभर हेच डोक्यात. लेख दोन दिवस थांबवावा का? थांबवतोच.

सही शुक्रवारी आहे. गुरुवारी दोघं समुद्रावर जातील. परतताना सांगेन, म्हणतोय टोनी. निघताना मॅन्युएलला ही फेरी शेवटची आहे हे ठाऊक नसेल.