पिवळ्या मुठीचा स्क्रूड्रायव्हर आणि गोकुळचा बेस

मी, मंगेश हरी आठल्ये, वय वर्षे छप्पन्न, व्यवसायाने संस्कृतचा शिक्षक आणि उरलेल्या वेळात बेस गिटार दुरुस्त करणारा, राहणार आमली, सिल्वासा, आज पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाला न भिता, सकाळचा चहा घेऊन, माझ्या पश्चात माझ्या चीजवस्तूंचं काय करावं ते लिहून ठेवतो. शुद्धीत असल्याचा पुरावा म्हणून नमूद करतो की माझा पिवळ्या मुठीचा बारीक स्क्रूड्रायव्हर गेले सोळा दिवस जागेवर नाही, आणि तो कुठे आहे हे मला ठाऊक आहे. तो स्वयंपाकघरात आहे. ज्या हत्याराने मी केसाएवढ्या तारेशेजारचे स्क्रू फिरवतो, त्याने या घरात कुकरची मूठ आवळली जाते. याबद्दल माझी पत्नी सौ. अश्विनी हिला विचारणा केली असता ती म्हणाली, "आणि माझ्या दुधाच्या पातेल्यात मेण कोणी वितळवलं? ते आधी घासून द्या." गिटारचा आवाज उचलणारे पिकअप मेणात बुडवले नाहीत तर किंचाळतात, हे तिला अठ्ठावीस वर्षं सांगतो आहे. असो.

कलम १. राहती सदनिका आणि बँकेतली शिल्लक अश्विनीला. सदनिकेत ती पहिल्यापासून मालकिणीसारखीच वागते. कायद्याने फक्त तिला गाठायचं आहे. माझी संस्कृतची पुस्तकं मुलगी अमृता हिला. ती वाचणार नाही, पण रद्दीतही घालणार नाही, एवढा तिच्यावर विश्वास आहे.

कलम २. माझ्या शाळेच्या शिक्षकखोलीला मी काहीही ठेवत नाही. त्या खोलीत मला दर वर्षी विचारलं जातं, "आठल्ये सर, तुमच्या गिटारला दोन तारा कमी का हो?" बेस म्हणजे खर्ज आहे. तो वाजत असतो तेव्हा कोणाचं लक्ष नसतं, आणि थांबला की मांडवातली सगळी माणसं एकदम विचारतात, काय बिघडलं? हे समजावून मी थकलो.

कलम ३. माझा मेहुणा स्वप्नील याचं आमलीत वाद्यांचं दुकान आहे. पिकअप म्हणजे तारांखाली बसवलेली चुंबकं आणि त्यांच्याभोवती तांब्याच्या बारीक तारेचे हजारो वेढे. एक वेढा तुटला की आवाज गेला. तो वेढा शोधायचा, पुन्हा गुंडाळायचा, ही माझी विद्या. स्वप्नील गिऱ्हाइकाला सांगतो, "जुनं फेका, नवं लावा. भाऊजींसारखं वेढे मोजत बसायला वेळ कोणाला आहे?" त्याच्या दुकानामागच्या कचऱ्यातून मी आजवर तेवीस पिकअप उचलले, पैकी एकोणीस जिवंत केले. न जगलेले चार मी स्वप्नीलला ठेवतो. त्याने ते काउंटरवर मांडावेत.

कलम ४. तार गुंडाळायचं यंत्र. हे मी शिलाई मशीनच्या मोटरीवर स्वतः बांधलं. ते माझ्या पश्चात गोकुळ वरठा, राहणार दुधनी, याला देण्याचं मी तोंडी कबूल केलं होतं. ते वचन मी रद्द करतो.

कारण नोंदवणं भाग आहे. गोकुळ चाळिशीचा गृहस्थ, राखोलीच्या सूत कारखान्यात मशीन चालवतो आणि लग्नाच्या बँडमध्ये बेस वाजवतो. नऊ वर्षं दर रविवारी माझ्याकडे येऊन तो हे काम शिकला. नोव्हेंबरात मी त्याच्या बेसचा मागचा पिकअप नव्याने गुंडाळून दिला. पंधरा दिवसांनी बेस घेऊन दारात उभा.

"सर, एक-एक पिकअप लावला तर मस्त वाजते. पण दोन्ही साथे चालू केले ना, तर आवाज पातळ होऊन जाते. डाळीत पाणी ओतल्यासारखा."

मी मीटर लावून आकडा दाखवला. अगदी बरोबर होता.

"मीटर बरोबरच असेल, सर. तुम्ही ऐका ना."

मी ऐकलं. बेसच्या शिंगाला, म्हणजे लाकडी अंगाच्या वरच्या टोकाला, हनुवटी टेकवली की सूर हाडातून थेट आत येतो, अशी माझी पद्धत आहे. खर्ज असा भरून आला की दात शिवशिवले. मी म्हणालो, "तुझ्या ॲम्प्लिफायरमध्ये दम नाही. आणि मांडवातल्या भोंग्यांनी तुझे कान गेलेत. आमचे गुरुजी पाठमोरे बसून कोणाचा ऱ्हस्व चुकला ते सांगायचे, त्या पाठशाळेत मी ऐकायला शिकलोय. तू मला शिकवणार?"

त्याने वायर काढली आणि बेस माझ्या टेबलावर आडवा ठेवला. "बरोबर आहे ना, सर? मग तुम्हीच वाजवा." चहा न घेता गेला. त्यानंतर आलेला नाही. ऐन लग्नसराईत माणूस बेस टाकून जातो, एवढा ताठा! यंत्र भंगारात गेलं तरी चालेल, गोकुळला मिळता कामा नये.

कलम ५. हत्यारांची यादी. तांब्याच्या तारेची सहा रिळं; चुंबकांचा डबा; तारांना डाग द्यायची इस्त्री, म्हणजे सोल्डरिंग आयर्न; काट्याचा जुना मीटर; एक बेस, काळा, चार तारांचा.

इथवर लिहिलं तेव्हा अश्विनी मागे उभी राहून वाचत होती. "माझा कुकर मृत्युपत्रात घातलात? हा घ्या तुमचा स्क्रूड्रायव्हर. आणि अहो, तो काळा बेस आपल्या मालात कसा धरता? तो गोकुळचा आहे."

हरकत योग्य असल्याने तो बेस वेगळा नोंदवायचं ठरवलं, आणि कोणत्या स्थितीत आहे तेही लिहावं म्हणून एक जुनी तपासणी केली. पिकअपला काट्याचा मीटर जोडायचा, चुंबकाला स्क्रूड्रायव्हरचं टोक चिकटवायचं आणि झटक्यात ओढायचं. काटा उडतो. दोन्ही पिकअपचा काटा एकाच बाजूला उडाला पाहिजे. सुरुवातीच्या काळात मी प्रत्येक कामावर हे करत असे. पुढे कानावर भरवसा बसला आणि सोडून दिलं.

पुढच्या पिकअपचा काटा उजवीकडे उडाला. मागच्याचा डावीकडे. सात वेळा पाहिलं.

म्हणजे मी मागच्या पिकअपच्या दोन तारा उलट्या जोडल्या होत्या. एकट्याने दोघेही ठणठणीत. एकत्र आले की एक ढकलतो तेव्हा दुसरा ओढतो, आणि पहिला बळी जातो तो खर्जाचा. मीटरच्या आकड्यात हे दिसत नाही. हनुवटीलाही कळत नाही, कारण हनुवटीला कळतं ते लाकूड. पिकअप मेला तरी लाकूड गातच राहतं. दुरुस्तीला पाच मिनिटं लागली.

कलम ६. सबब, कलम चार रद्द. मी ते खोडलेलं नाही. मी काय लिहिलं होतं ते वाचणाऱ्याला दिसू दे. तार गुंडाळायचं यंत्र, सहा रिळं, काट्याचा मीटर आणि पिवळ्या मुठीचा स्क्रूड्रायव्हर गोकुळ वरठा याला द्यावा. बेस त्याचाच आहे. तो मी आज दुपारी दुधनीला स्वतः नेऊन देणार आहे. वाटेत माझं काही बरंवाईट झालं तर वरच्या मजल्यावरचे झुंबर पाटील यांनी तो पोचवावा आणि माझ्या वतीने सांगावं, "गोकुळ, तुझे कान शाबूत आहेत. सरांची नजरचूक झाली."

कलम ७. मेणाचं पातेलं अश्विनीला, घासून.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, दोन्ही साक्षीदारांना वाचून दाखवला आणि त्यांच्यासमक्ष सही केली.

सिल्वासा, रविवार, १९ जानेवारी २०२५

(सही) मंगेश हरी आठल्ये

साक्षीदार:
१. (सही) झुंबर पाटील, शेजारी
२. (सही) सोनम पटेल, शिक्षिका

सहीच्या खाली लिहिलेलं कायद्यात धरत नाहीत, म्हणून हे इथे, साक्षीदार गेल्यावर लिहितो.

नजरचूक नव्हती. गेल्या मे महिन्यापासून मला खालचे सूर ऐकू येत नाहीत. वरचे येतात. कुकरची शिट्टी येते, अश्विनीचं बोलणं येतं, त्यामुळे घरात कोणाला संशय नाही. डॉक्टरांचा कागद मी शब्दकोशात ठेवला आहे. हनुवटी टेकवायला लागलो ती तेव्हापासून.

मे महिन्यानंतर माझ्या हातून बारा बेस गेले. एकच माणूस सांगायला परत आला, त्याला मी हाकललं. बाकीचे अकरा जण गप्प आहेत. काम बरोबर झालं म्हणून गप्प आहेत, की मला सर म्हणतात म्हणून, हे मला माहीत नाही. त्यांना बोलावून समोर वाजवायला सांगितलं, तरी मला कळणार नाही.