ओळखी वाढवायच्या, पण सचोटीने

३ जानेवारी
ठरलं. यंदा नोकरी बदलायची म्हणजे बदलायचीच. अकरा वर्षं चार माणसांच्या ऑफिसात लिफ्टच्या तक्रारी लिहून घेतोय आणि टेबल अजून बाथरूमच्या दाराशी. आता नेटवर्किंग. पण सचोटीने. नियम तीन: ऑफिसच्या वेळात नाही, ऑफिसच्या फोनवरून नाही, आणि स्वतःची टिमकी स्वतः वाजवायची नाही. दुसऱ्यांच्या उपयोगी पडत राहायचं, आपली किंमत लोकांना आपोआप कळते. बायको म्हणाली, अकरा वर्षांत कुठे कळली? तिला करिअरमधलं काही समजत नाही.

४ जानेवारी, सकाळी ६.१०
तळ्याकाठी फिरायला गेलो. हेतू व्यायाम. शिवाय नव्या मोठ्या लिफ्ट कंपनीचे मॅनेजर रोज तिथेच फिरतात. माणूस चालतो कसला, पळतोच. मी मागे पडलो. दुसऱ्या फेरीत त्यांनीच मला मागून येऊन गाठलं. संपर्क प्रस्थापित.

११ जानेवारी
मॅनेजर म्हणाले, चांगला मेकॅनिक मिळत नाही हो. माझं नाव ओठांवर आलं होतं. (मेकॅनिक नाही, पण शिकलो असतो.) नियम आठवला. आमच्या ऑफिसातल्या मुक्या मेकॅनिकचं नाव सांगितलं. मुका नाही, बोलत नाही एवढंच. त्याला फोन केला तोही लंच टाइममध्ये, स्वतःच्या मोबाइलवरून, रस्त्यावर उभं राहून. याला म्हणतात एथिक्स.

२० जानेवारी
मेकॅनिक गेला. जाताना चक्क बोलला. थँक यू म्हणाला. साहेब चिडलेत, माणूस कोणी फोडला म्हणून. मलाही मनापासून वाईट वाटलं.

६ फेब्रुवारी
तिकडे टेलिफोन ऑपरेटर हवी होती. आमच्या ऑपरेटरताईंना पाठवलं. ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं, म्हणाल्या सख्खा भाऊ करणार नाही एवढं केलंत. त्यांचा फोन आता माझ्या टेबलावर आहे. दिवसभर हाताशी, पण स्वतःच्या कामासाठी एकदाही उचलला नाही! बायको म्हणते, लष्कराच्या भाकऱ्या भाजा. बोलणाऱ्याची माती विकते, न बोलणाऱ्याचं सोनंही विकत नाही, असंही म्हणाली. यातला सोन्याचा उल्लेख मला आवडला.

२२ फेब्रुवारी
साहेबांनी केबिनमध्ये बोलावून दार लावलं. संपलं सगळं! तर साहेब खाली बघत म्हणाले, तुमची तिकडे ओळख आहे असं ऐकलं, माझंही जरा बघा ना. आता साहेबांना नाही कसं म्हणायचं? ऑफिस सुटल्यावर बघितलं.

१० मार्च
साहेबांचा सेंडऑफ. हजर: साहेब, मी. भाषण चांगलं झालं.

१४ मार्च
मालकांनी मला इन्चार्ज केलं. कशाचा, ते विचारायचं राहिलं. आज एका इमारतीत लिफ्ट अडकली, आत एक आजोबा. तक्रार मी घेतली, मी लिहिली, वर सही करून मलाच पाठवली. पाठवायला मेकॅनिक नाही. आजोबांशी फोनवर चाळीस मिनिटं गप्पा मारल्या. शेवटी लिफ्ट आपणहून सुरू झाली. आजोबा फार समाधानी होते.

१५ मार्च
बायकोने सांगून टाकलंय. उद्या स्वतःचं नाव काढलं नाही, तर फिरायचे बूट कचऱ्यात. नियमात बदल करणं भाग आहे. संसारापुढे इलाज नाही. सीव्हीच्या पाच कॉपी काढल्या.

१६ मार्च, सकाळी ७
बोललो! धापा टाकत टाकत सांगितलं की मलाही तुमच्याकडे यायचंय. मॅनेजर चालता चालता थांबले. दोन महिन्यांत पहिल्यांदा. माझा हात हातात घेतला. म्हणाले, तुमच्यासारखा माणूस नाही, आमच्याकडे सगळे तुमचं नाव काढतात. मला भरूनच आलं. मग त्यांनी विचारलं की, म्हणजे तुम्ही कुठे नोकरी करता? ते तर मला माणसं पुरवणारा एजंट समजत होते.

सीव्ही दिला. त्यांनी घडी करून खिशात ठेवला आणि म्हणाले, ते बघू नंतर, आधी दोन वॉचमन तेवढे अर्जंट बघा.

एक तर आमच्याच गेटवर बसतो.