बाबागाडीचे चौकोन आणि पिवळी टोपी

थॉर्नबेक,
गुरुवार, चारचा चहा झाल्यावर

तीर्थरूप म्हटलेलं जिला आवडत नाही, पण तीर्थाइतक्याच लांब जाऊन जी राहिली आहे, त्या हेस्टरताईला धाकट्या अँब्रोजचा नमस्कार.

तुझा खोकला गेला का? समुद्राचा वारा छातीला चांगला असं डॉक्टर सांगतात खरं, पण ते स्वतः कधी तिथं राहायला जात नाहीत. तुझ्या मांजरानं पुन्हा शेजारणीचे मासे पळवले नसतील अशी आशा करतो. माझी प्रकृती उत्तम आहे. (डावा गुडघा सोडून. त्याच्याबद्दल या पत्रात एक अक्षर लिहायचं नाही असं ठरवूनच लिहायला बसलो आहे.)

तर आमच्या गावात गेला महिनाभर एकाच प्रश्नावर खल चालू आहे. सुपरमार्केटच्या आवारात लहान मुलांना घेऊन येणाऱ्यांच्या गाड्यांची जागा कुठे असावी? तू म्हणशील, एक्क्याऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्याला याचं काय? सांगतो, पण जरा वळणानं सांगतो, कारण ते आवार म्हणजे आपल्या शाळेचं पटांगण आहे हे तू विसरली असशील. शाळा पाडून दुकान उभं केलं त्यालाही आता चाळीस वर्षं होतील. मी दर गुरुवारी सामान आणायला जातो तेव्हा मनातल्या मनात शाळेतच हिंडत असतो. घंटा टांगलेली होती तिथं आता पावाचं फडताळ आहे. मिस एंटविसलचा वर्ग होता तिथं गोठवलेले वाटाणे ठेवतात. (तिथं तेव्हाही तेवढाच गारठा असे.) वाटाण्यांपाशी उभा राहिलो की खाणीतल्या आंधळ्या घोड्याची ती सोळा कडव्यांची कविता आपोआप ओठांवर येते. परवा नवव्या कडव्यापर्यंत पोचलो तेव्हा एक बाई अदबीनं म्हणाली, बाबा, जरा सरकता का, मला मासे घ्यायचेत. जुन्यातलं उरलंय ते एकच, आवाराच्या पार टोकाला उभं असलेलं आपलं चेस्टनटचं झाड. त्याच झाडाखाली तू माझं सगळ्यात कडक फळ व्हिनेगरमध्ये मुरवून दोऱ्यात ओवून दिलं होतंस, आणि फळावर फळ आपटायच्या खेळात मी त्यानं वर्गातल्या नॉरिसची सात फळं फोडली होती. नॉरिस अजून त्याला फसवणूक म्हणतो.

आता मुद्द्यावर येतो. दुकानाच्या दाराशी सहा ऐसपैस चौकोन आखलेले आहेत, प्रत्येकात पिवळ्या रंगानं बाबागाडी काढलेली. ते बाळवाल्यांचे. बाकीचे चौकोन आखले तेव्हा मोटारी सडपातळ होत्या. आता मोटारी सुटल्या आणि चौकोन आहेत तेवढेच राहिले. दोन गाड्यांच्या मध्ये माझी गाडी घातली की दार उघडतं ते जेमतेम एका जाड पुस्तकाएवढं, आणि त्यातून मला पाकिटातल्या पत्रासारखं निघावं लागतं. उजवा पाय निघतो. डावा मात्र (त्याच्याबद्दल लिहायचं नाही असं ठरलंय) आतच राहतो. फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी मी गाडीत पंचवीस मिनिटं तसाच बसून राहिलो, आणि शेवटी काहीही न घेता घरी येऊन टोस्ट खाल्ला. ताई, त्या दिवशी मला फार वाईट वाटलं. गुरुवार एवढा एकच दिवस आता मी घराबाहेर पडतो. दुकानातल्या उपाहारगृहात नॉरिसबरोबर चहा, शाळेत एक चक्कर, आणि परत. तेही गेलं तर मग बसायला खिडकी आहेच.

नॉरिस म्हणाला, अपंगांच्या गाडीचा निळा बिल्ला काढून घे ना लेका, बिल्लेवाल्यांसाठी दाराशी वेगळ्या जागा आहेत. मी म्हटलं, बिल्ला ज्यांना चालता येत नाही त्यांच्यासाठी असतो, मला चालता येतं, पोचायला फक्त उशीर होतो. त्यानं अर्जसुद्धा आणून दिला. तो ईस्टरपासून घड्याळामागे उभा आहे. त्यात एक प्रश्न आहे, न थांबता किती मीटर चालता येतं? उत्तरासाठी एवढासा चौकोन. तो प्रश्न वाचला की मला चष्मा पुसावासा वाटतो.

मग मी जे केलं ते तुला सांगायला लाज वाटते, पण लहानपणापासून माझ्या सगळ्या लबाड्या तुझ्याकडेच जमा आहेत, तेव्हा ही एक आणखी. पणतू फर्गसची, बाळाला गाडीत बसवायची जुनी खुर्ची माझ्या गाडीत मागे पडून होती. त्या खुर्चीत मी बटाट्यांचं एक पोतं बसवलं, पट्टा आवळला आणि वर टोपी घातली, तू फर्गससाठी विणून पाठवलेली ती पिवळी. (टोपी सुरेखच आहे. त्याचं डोकं मोठं आहे, हे तुला कळवायचं धाडस घरात कुणाला झालं नाही.) अंगावर शाल. आणि ऐटीत बाबागाडीच्या चौकोनात गाडी लावली. दार पूर्ण उघडलं, पाय बाहेर, दुसराही पाय बाहेर. असे सात गुरुवार गेले. आपली माणसं तुला ठाऊक आहेत. दुसऱ्याच्या गाडीत डोकावणं म्हणजे असभ्यपणा, आणि डोकावलंच तर तसं दाखवणं त्याहून असभ्यपणा. एक आजी काचेतून कौतुकानं म्हणाल्यासुद्धा, किती शांत आहे हो बाळ. मी म्हटलं, आजोळच्या वळणावर गेलंय.

आठव्या गुरुवारी वायपरखाली चिठ्ठी सापडली. छान वळणदार अक्षर. एकच ओळ होती: ‘आजोबा, तुमच्या बाळाला कोंब फुटलेत.’

खरंच फुटले होते. टोपीच्या कडेखालून दोन बाहेर आले होते. मी मान वर केली तर पलीकडच्या चौकोनात केझिया हॅलिवेल तिची दोन्ही जुळी एकेका काखेत घेऊन उभी. (पोस्टमन हॅलिवेलची नात. आजोबांसारखीच, पत्ता चुकवत नाही.) ती मान हलवून दुकानाकडे वळली. मला वाटलं, हिनं मला चारचौघांत चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. त्यानंतरचे तीन गुरुवार मी घरीच होतो.

अशात दुकानाच्या दारावर सूचना लागली. आवार नव्यानं आखायचं आहे, बाळवाल्यांची जागा कुठे असावी ते गावकऱ्यांनी येऊन सांगावं, चहा-बिस्किटं मिळतील. माझ्या मनात आलं, बाबागाड्या जर झाडापाशी नेल्या तर दाराशी सहा रुंद चौकोन मोकळे होतील, कुणाहीसाठी. म्हणजे माझ्यासाठी. यात स्वार्थ नव्हता असं मी म्हणत नाही.

सभेला चाळीस माणसं आली. व्यवस्थापक बाई थेरेसा ग्रिमशॉ वही घेऊन बसल्या. प्रत्येक जण ‘मला वाद घालायचा नाही, पण’ म्हणून उठला आणि वाद घालून बसला. कुणी म्हणालं, जागा दाराशीच हवी, पावसात मुलं भिजतात. कुणी म्हणालं, आमच्या वेळी मुलं चालत यायची आणि भिजायचीही, आम्हाला काय झालं? (या गृहस्थांना काय झालं ते सगळ्यांना दिसत होतं.) नॉरिसचं मत, बाबागाड्या शेजारच्या गावात ठेवाव्यात. मग मी उठलो. सुरुवात आंधळ्या घोड्यापासून केली, पण चौथ्या कडव्याला थेरेसाबाईंनी बिस्किटांची बशी पुढे केली, तेव्हा गद्यावर आलो. सांगितलं की या जागी शाळा होती. फाटकाशी कोळशाची लॉरी वळायची, डॉक्टरांची मोटार यायची, म्हणून आमची आई फाटकाशी कधी उभी राहिली नाही. ती झाडाखाली उभी असे. मोठी काळी छत्री, डोक्यावर तपकिरी हॅट. मी पाच वर्षांचा. वर्गातून बाहेर आलो की आधी ती हॅट शोधायची, मग धावायचं, आणि वाटेत एकही चाक आडवं येत नसे. ज्याला न्यायला कुणीतरी आलंय, त्याला अंतर लांब वाटत नाही, असं काहीसं मी म्हणालो. (हसू नकोस, ताई. पुढे वाच.) नॉरिस माझ्याकडे विचित्र नजरेनं बघत होता.

मग केझिया उठली. म्हणाली, “मला दार जवळ नको, मला पाय आहेत. मला गाडीचं दार पूर्ण उघडायला जागा हवी, आणि एकाला उतरवताना दुसऱ्याच्या मागून गाडी यायला नको. झाडापाशी फुटपाथ आहे, तो थेट दारापर्यंत येतो. आम्हाला तिथं न्या. आणि दाराशी ज्यांना खरंच चालवत नाही त्यांना येऊ द्या. बिचारे उगाच बटाटे वागवत फिरतात.”

लोकांना वाटलं, ती सामानाच्या ओझ्याबद्दल बोलतेय. माना डोलल्या. मीही डोलावली.

ठराव झाला. बाबागाड्या झाडाखाली. आणि दाराशी मोकळे होणारे सहा? थेरेसाबाई म्हणाल्या, अर्थातच निळ्या बिल्ल्यासाठी. मी जिंकलो आणि त्याच वाक्यात हरलो. निघताना केझिया जवळ आली, हळूच विचारलं, “बाळ कसंय?” म्हटलं, रविवारी सूप केलं. म्हणाली, “बरं झालं. दात यायच्या आत सुटलात.” मग जाता जाता म्हणाली, “तुमची आई फार छान होती हो, आजोबा.”

असो. झाडाला यंदा फळं खूप धरली आहेत. मांजराला माझा नमस्कार सांग, आणि छातीला लोकर बांधत जा.

तुझा,
अँबी

ता. क. घड्याळामागचा अर्ज सोबत जोडला आहे. बाकी सगळं भरलं, तो एक चौकोन तेवढा कोरा आहे. या हातानं सोळा कडवी न चुकता लिहून होतात, तो आकडा लिहून होत नाही. तू ये, माझ्याबरोबर झाडापासून दारापर्यंत चाल, आणि मी कुठे थांबतो ते बघून तूच लिही. खरं लिही. (सभेच्या दिवशी दोनदा थांबलो. लोकांना वाटलं, झाड बघतोय.)

आणखी एक. नॉरिस का टक लावून बघत होता ते तुला कळलंच असेल. आई सहा वाजेपर्यंत गिरणीत असायची, एक दिवसही शाळेत आली नाही. मिस एंटविसलकडून पाच मिनिटं आधी सुटायची परवानगी काढून, आईची हॅट घालून, पेलत नसलेली छत्री धरून झाडाखाली जी उभी राहायची ती दहा वर्षांची होती. लांबून आईच वाटायची. इतर पोरांनाही तसंच वाटावं म्हणून तू तसं करायचीस, हे मला फार उशिरा कळलं. दुकानाच्या सूचनेत बाळवाल्यांना ‘पालक’ असं लिहिलं होतं, म्हणून सभेत मी आई म्हटलं. बहीण म्हटलं असतं तर त्यांनी धरलं नसतं. टोपी घालून लोकांना फसवायची विद्या माझी स्वतःची नाही, एवढंच सांगायचं होतं.

शेवटचं, आणि मग खरंच थांबतो. झाडाखाली एक बाक ठेवणार आहेत, आईच्या स्मरणार्थ, पितळी पाटीसह. थेरेसाबाईंनी आईचं नाव विचारलं आणि माझ्या तोंडून तुझं गेलं. पाटी कोरून झाली आहे: ‘हेस्टर क्लेग. त्या इथे उभ्या राहत.’ तू हयात आहेस हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. तेव्हा ऑक्टोबरात पहिल्या गुरुवारी उद्घाटनाला येशील ती आईची हॅट घालूनच ये, आणि झाडाखाली उभी राहा. मी दाराशी असेन. हॅट दिसली की निघतो.