मुक्कामी गाडी, प्रवासी एक

४ ऑक्टोबर, अमरावती
आज तीन गाड्या पाहिल्या. पहिली जुनी ॲम्ब्युलन्स. आडवं व्हायला आयती जागा! पण मोठा भाऊ, दादा, वरूडहून फोनवर असा ओरडला. "मराले टेकलेले लोकं नेतात त्यातनी, अन् तू हौसेनं झोपशीन काय वं?" बाद. दुसरीच्या दाराला हात लावला तर गंज हातात आला. तिसरी छोटी व्हॅन, शाळेची पोरं नेणारी, पिवळीधम्मक. सीटखाली वाळलेला च्युइंगम, खिडकीपाशी कुणीतरी खिळ्यानं ‘सोहम पागल’ कोरलंय. इंजिन झ्याक. हीच घ्यायची.

६ ऑक्टो.
दादा परत तेच. "रिटायर झाली तं घरी बस ना. एकटीच गाडीत झोपाले कावून जातं?"
फोनवर नीट सांगता आलं नाही. इथं लिहिते. बावीस वर्षं एस.टी.त कंडक्टरकी केली, पण मुक्कामी ड्युटी एकदाही मिळाली नाही. बाईमाणूस ना! संध्याकाळची शेवटची गाडी हिवरखेडला जायची, ड्रायव्हर-कंडक्टर गाडीतच झोपायचे आणि पहाटे तीच गाडी परत आणायचे. मग डेपोत येऊन सांगायचे, काय थंडी, काय चांदणं, कुणीतरी भाकर-ठेचा आणून दिला. मी चहाचा कप धरून ऐकत बसायचे. जळायचे मी त्यांच्यावर, अगदी खरं सांगायचं तर.
एक मुक्काम मला पाहिजे. माझा एकटीचा. बस्स.

२० ऑक्टो., अकोला
रफिकभाईंचं वर्कशॉप. जीप, टेम्पो, सगळ्यांच्या बॉड्या बांधतात. म्हणाले, "बाई, लेटा. अंदाजानं पलंग नाई बनत." भर गल्लीत फळीवर आडवी झाले. समोरचा पंक्चरवाला ट्यूब सोडून बघत राहिला.
"डोकं कोनीकडं ठेवू?"
"उत्तरेला नको. आई रागवायची."
"गाडी फिरंल तशी उत्तर फिरंल ना, बाई."
दोघंही पोट धरून हसलो. पलंग बोल्टवर बसवायचा, काढता येईल असा, नाहीतर आरटीओत लफडं. पलंगाखाली स्टोव्ह, दोन भांडी, पाण्याची कॅन. मच्छरजाळी आधी, पडदे मग. याबाबतीत आमचं दोघांचं एकमत.

३ नोव्हें.
गाडी ताब्यात! र.भाईंनी न सांगता एक गंमत केली. भंगारातून एस.टी.ची घंटी शोधून ड्रायव्हरच्या सीटपाशी, माझ्या डोक्यावर दोरीसकट लावली. एकदा वाजवली की थांब, दोनदा वाजवली की चल. मला भरूनच आलं. "आता कंडक्टर बी तुमीच, डायवर बी तुमीच," म्हणाले.
अकोला ते अमरावती, प्रत्येक थांब्यानंतर डबल घंटी दिल्याशिवाय गाडी हलवली नाही. मूर्तिजापूरला चहावाल्यानं विचारलं, शाळेची गाडी आहे का. म्हटलं, सुट्टी लागली.

९ नोव्हें., वरूड
लाज वाटते लिहायला. पण लिहिते.
गाडी दाखवायला दादाकडं नेली. वहिनी पलंगावर बसून पाहत म्हणाली, "माह्या खोलीपेक्षा बरी हाय." इथवर छान. निघताना संत्र्यांच्या शेडसमोरून रिव्हर्स घ्यायचा होता. आता, रिव्हर्स म्हटलं की बावीस वर्षं मी काय करत आले? खाली उतरले. गाडीच्या मागे गेले. हात हलवून म्हटलं, "येऊ द्या, येऊ द्या!"
गाडी आली. आत कुणी नव्हतं.
गिअर काढलेला, हँडब्रेक ओढलाच नव्हता, अन् शेडकडं उतार. मी बाजूला उडी मारली म्हणून बरं. क्रेटची थप्पी कोसळली, अंगणभर संत्री. तोडणीच्या बाया हसून हसून खाली बसल्या. मीही हसले. दादा हसला नाही. इंजिन बंद करून चावी खिशात घातली.
"एकटी नाई जात तू आता."

१० नोव्हें.
बसनं परत. गाडी वरूडला, चावी दादाच्या खिशात. वयाचं एकोणसाठावं लागलं अन् चावी जप्त! भयंकर राग आलाय. दादाचा तर आहेच. पण त्याहून जास्त राग याचा, की त्याचंच बरोबर असलं तर?

१६ नोव्हें.
दादाचा फोन. आवाज मऊ. "मी येतो संग. मागं एक शीट बसवून घे. तुले काई झालं तं मी काय करू, सांग बरं?"
माया आहे, मला काय कळत नाही? र.भाईंना विचारलं. "शीट बसते की. पन मंग पलंग निघते. दोन्ही नाई मावत, बाई."
दिवसभर विचार केला. दादा आला तर तो मुक्काम दादाचा होईल. तो कुठंही गेला तरी एक पाहुणपण घेऊन जातो, ओळखी काढतो, कुणाच्या तरी घरी जेवायलाच नेतो. संध्याकाळी कळवलं: शीट नाही.
उद्यापासून शेजारच्या देशमुखांच्या गाडीवर रोज सकाळी फक्त रिव्हर्स.

२३ नोव्हें., वरूड
दादाला म्हटलं, "चावी दे. आधी पाह्य, मंग ठरव."
दादानं स्वतः क्रेटच्या दोन रांगा लावल्या. मधे गाडीपेक्षा वीतभर जास्त जागा. तोच उतार. अन् स्वतः मागे उभा राहून हात हलवायला लागला, "ये, ये, ये."
"दादा, बाजूले हो. मले आरशात पाहू दे."
तो हलेना. मग हलला.
अर्ध्यावर हात आपोआप दाराच्या कडीकडं गेला. परत घेतला. उतरले नाही. शेडपर्यंत गेले, एकाही क्रेटला धक्का नाही. हँडब्रेक ओढला, दोनदा तपासला.
दादा शेडमधे गेला. पिशवीभर संत्री आणून पलंगावर ठेवली.
"चावी?" मी विचारलं.
"गाडीतच तं हाय."

२९ नोव्हें., हिवरखेड
सुटली दु. १.३०. पोच सं. ५.४०. चालक १, वाहक १, प्रवासी १.
सरपंचांना विचारून शाळेच्या मैदानालगत लावली. रिव्हर्समधे. भाजीची टोपली घेऊन जाणारी एक म्हातारी थांबली.
"संग कोनी नाई?"
"नाई."
"भेव नाई लागत?"
"लागते."
म्हातारीनं मेथीची जुडी दिली, पैसे घेतले नाहीत. तीच भाजी केली. दादाचा फोन आला. "उद्या वापस ना?" म्हटलं, सांगीन.
पडदे लावले नाहीत. सातपुडा दिसतोय. खूप खूप आनंद झालाय, दुसरा शब्द नाही.

३० नोव्हें., सकाळ
झोप मस्त. पाठ थोडी धरली. सव्वापाचला आपोआप जाग, शरीराला अजून पहिली गाडी आठवते. चहा घेऊन स्टँडवर गेले. मुक्कामी गाडी सुटायच्या तयारीत होती. कंडक्टर तरुण, डोळे चोळत दारात उभा.
"बाई, कुठं जायचं?"
बावीस वर्षं हे मी विचारत आले. आज मला विचारलं. हसूच आलं.
"ठरलं नाई अजून," म्हटलं.
त्यानं डबल दिली. गाडी अकोटकडं गेली, म्हणजे माझ्या घराच्या रस्त्यानं. दुसरा रस्ता डोंगराकडं जातो. कॅनमधे पाणी आहे, सात संत्री उरलीत. दादाचे दोन मिसकॉल.
आता परत माझ्या गाडीत, सीटवर बसून लिहितेय. डावा हात घंटीच्या दोरीवर.