जत्रेतले काळे चौकोन

सांगली,
१२ फेब्रुवारी १९९९

प्रिय अण्णा,

नमस्कार मागाहून करते, आधी त्या चांदीवाल्याला आल्या वाटेनं परत पाठवा. निगेटिव्ह गाळून चांदी काढायला तुम्ही सगळी खोकी त्याला देणार, असं सुमंतकाका फोनवर म्हणाले. एकाही खोक्याला हात लावू देऊ नका.

परवा तुम्ही रहिमतपूरहून आलात ते आटपाडीच्या जत्रेतल्या निगेटिव्हसाठी. तंबूतल्या अंधुक उजेडात घेतलेल्या, इतक्या पातळ, फिकट की तुमच्या एन्लार्जरनंही हात टेकले होते. म्हणून काळ्यातल्या बारीक छटाही सुटू नयेत यासाठी मी सोळा बिटांवर स्कॅन केलं. ऐटीत फोल्डर उघडला, तर फाईलींची सगळी छोटी चित्रं काळीकुट्ट! तुम्ही ती कॉन्टॅक्ट शीटसारखी वाचलीत: चौकोन काळा, म्हणजे निगेटिव्हवर काही उमटलेलंच नाही. आयुष्य डार्करूममध्ये गेलेला माणूस दुसरं काय करणार? पण एक फाईल उघडेपर्यंत तरी थांबायचं होतं! तेवढ्यात तुम्ही चपला घालून स्टँड गाठलात.

दुसऱ्याच दिवशी आटपाडीच्या दगडाबाई आल्या. फोटो निघतील असा निरोप तुम्हीच धाडला होतात ना? नवरा गेल्या पावसाळ्यात वारला, त्याचा फोटो हवा होता. नाव विचारलं तर म्हणाल्या, "मालकाचं नाव कसं घिऊ गं पोरी? तू त्वांडं दाव, मी वळकते." आणि माझ्याकडं दाखवायला नुसते काळे चौकोन! एकेक फाईल उघडायला हा कॉम्प्युटर चहा उकळेपर्यंत वेळ घेतो.

मग डोकं लढवलं. तुमच्या लग्नाचा लख्ख फोटो सोळा बिटांवर स्कॅन करून पाहिला, तर तोही काळा! तोच आठ बिटांवर केला, तर आई लगेच दिसली. म्हणजे खोट निगेटिव्हमध्ये नाही, छोटी चित्रं दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये. त्याला आठच बिट कळतात. मूळ फाईलींना धक्का न लावता मी प्रत्येकीची उजेड चढवलेली, आठ बिटांची नक्कल केली. पडद्यावर अख्खी जत्रा उभी राहिली. दगडाबाईंनी एका चेहऱ्यावर बोट ठेवलं आणि माणूस खरंच समोर असल्यासारखा डोक्यावरून पदर ओढून घेतला.

अण्णा, हे कॉम्प्युटरचं पुराण ऐकवायला पत्र लिहिलेलं नाही. जाताना तुम्ही दारात म्हणालात, "त्या जत्रेतच माझा हात गेला होता, आज पक्कं कळलं." डोळ्यांचं निमित्त सांगून तुम्ही कॅमेरा ठेवलात तो यासाठी, हे मला तेव्हा उमगलं आणि फार वाईट वाटलं. दगडाबाई फोटो छातीशी धरून निघाल्या, पायरीवर थांबल्या आणि तुमच्यासाठी निरोप दिला. तो जसाच्या तसा लिहिते: "फोटोवाल्यास्नी सांग, आमचं मालक घरात कवा हसलं न्हाईत. तुमी हसवलंसा."

तुमचीच,
अपूर्वा