मी जुगार खेळलो नाही, बाई

साकोली,
धानकापणीचा शेवटचा आठवडा

आदरणीय बायजाबाईस,
लहान भाऊ परसरामचा सविनय जयभीम.

इकडे आम्ही सगळे ठीक आहोत, म्हणजे माझा गुडघा, दीपमालाचा रक्तदाब आणि विहिरीवरची मोटर सोडली तर. तुझी कंबर कशी आहे? आंबागडला डोंगराच्या पायथ्याशी थंडी आमच्याआधी उतरते, तेव्हा सकाळी उन्हं आल्याशिवाय सडा टाकायला बाहेर पडू नको. (हे तुला सांगायचा मला अधिकार नाही, हे ठाऊक आहे. जिने मला चालायला शिकवलं तिला मी वाकायला काय शिकवणार.)

फोन सोडून कागदावर का लिहितो, तर तीन आठवडे झाले, तू माझा फोन उचलत नाहीस. कारणही मला कळलं. तुमसरच्या आपल्या चुलत पुतणीने, रिताने, तुला सांगितलं की परसराम निवृत्त झाला आणि पत्त्यांच्या नादी लागला, नागपूरला हॉटेलात बसून खेळला आणि हरून आला. बाई, यातला एकेक शब्द खरा आहे, पण सगळे एका ओळीत लावले की खोटे होतात. म्हणून मी पहिल्यापासून सांगतो. मला आता भांडायचा जोर राहिला नाही, फक्त क्रमाने सांगण्यापुरता उरला आहे.

आमच्या खुशबूने संख्याशास्त्रात एम. एस्सी. केलं तेव्हा आंबागडात पेढे तूच वाटलेस. तिला पुण्याच्या एका कंपनीत नोकरी लागली, काम घरूनच, आमच्या घरापुढच्या छपरीत टेबल टाकून. ही कंपनी लोकांना पोकर शिकवते. पोकर म्हणजे परदेशी पत्त्यांचा खेळ, त्याच्या स्पर्धा भरतात. खुशबूचं काम म्हणजे समोरासमोर बसणाऱ्या दोन खेळाडूंचे जुने डाव तपासून, शंभर वेळा बसले तर कोण किती वेळा जिंकेल याचा आकडा काढायचा. शिवाय शिकणाऱ्यांसाठी प्रश्न तयार करायचे, की हातात हे पत्ते आहेत, समोरचा असा वागला, आता तुम्ही काय कराल. ती स्वतः पैशाने खेळत नाही. हे ऐकून मी विचारलं, "मंग मी लोकांले काय सांगू?" ती म्हणाली, "जे आहे ते सांगा, बाबा." जे आहे ते सांगायची सवय मला पाटबंधारे खात्याच्या चौतीस वर्षांत लागली नाही, म्हणून मी सांगितलं की पोरगी अंदाज विभागात आहे. त्याच्या आधी 'हवामान' हा शब्द लोकांनी स्वतःच्या मनाने जोडला. मी तो काढला नाही, एवढाच माझा गुन्हा. (तूही आंबागडात तेच सांगत फिरलीस, पण तो विषय मी काढत नाही.)

मग लोक पावसाचं विचारायला येऊ लागले. सगळ्यांत जास्त आमच्या मागच्या घरचा कैलाश. त्याचं लवकरचं धान कापायला आलेलं, आभाळ रोज वेगळं, बिचारा दोन दिवसांआड येऊन छपरीच्या पायरीवर बसायचा. एक दिवस खुशबू फोनवर तिच्या साहेबाला सांगत होती, "तीस टक्के, त्याच्या वर नाही." कैलाशने ते ऐकलं, उठला आणि काही न विचारता गेला. दुसऱ्या दिवशी त्याने सगळं धान कापून त्याच्या कडपा शेतात, बांधीतच वाळत टाकल्या. तिसऱ्या दिवशी पाणी आलं आणि दोन दिवस थांबलं नाही. पाणी उघडल्यावर तो पुन्हा त्याच पायरीवर येऊन बसला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"परसरामभाऊ, पोरगी तं तीस म्हणे."

"ते पावसाचं नव्हतं, कैलाश."

"मंग कायचं होतं?"

"पत्त्याचं."

त्याने अंगठ्याला चिकटलेला चिखल पायरीच्या कडेला पुसला. मग म्हणाला, "पत्त्यात तरी बरोबर आलं का?" मी आत जाऊन खुशबूला विचारून आलो. बरोबर आलं होतं. तीस टक्केवाला माणूस हरला होता.

त्यानंतर दोन दिवस मी आणि कैलाशने मिळून भिजल्या कडपा उलट्यापालट्या केल्या. (गुडघ्याचं जे वर लिहिलं ते तेव्हापासून आहे.) बरंच धान वाचलं, थोडं काळं पडलं. पण खरी गोष्ट तेवढ्यात साकोलीभर झाली, आणि तिथून तुमसरला रिताकडे पोचायला तिला बससुद्धा लागली नाही.

खुशबू म्हणाली, "बाबा, आता लोकांले माहीत झालंच आहे, तं तुम्हीही शिकून घ्या. मला धडे तपासायला असा माणूस पाहिजे ज्याले काहीच येत नाही." चौतीस वर्षांच्या नोकरीत माझी इतकी अचूक गरज कोणाला पडली नव्हती. मी हो म्हणालो. खेळ असा आहे, बाई. प्रत्येकाच्या हातात दोन पत्ते, ते कोणाला दाखवायचे नाहीत. मधे पाच पत्ते हळूहळू उघडतात, ते सगळ्यांचे. दोन्ही मिळून ज्याचा मेळ मोठा तो जिंकतो. स्पर्धेत सगळ्यांना सुरुवातीला सारख्याच चकत्या मिळतात, ज्याच्या संपल्या तो उठला. दर वेळी विचारायचं एवढंच, की भिडायचं का सोडायचं. रोज सकाळी चहाच्या वेळी खुशबू एक डाव कागदावर मांडायची आणि विचारायची, "बाबा, भिडता का सोडता?" चाळीस दिवसांत मी अडतीस वेळा सोडला. उरलेले दोन दिवस मी भंडाऱ्याला पेन्शनच्या कामाला गेलो होतो.

रविवारी आम्ही तिघं चिंचोके घेऊन खेळायचो. दीपमालाने एकही धडा घेतला नाही. ती एकीकडे लसूण सोलायची आणि दुसरीकडे आमचे चिंचोके ओढायची. महिन्याभराने खुशबूने आमच्या दोघांचा आकडा काढला. दीपमाला चौऱ्याहत्तर, मी सव्वीस. मी म्हटलं, तिला नियमही धड येत नाहीत. खुशबू म्हणाली, "तुम्ही केव्हा सोडणार हे आईले तुमच्याआधी कळते, बाबा." दीपमाला सालं गोळा करून उठली.

आता नागपूरचं. कंपनीने तिथे नोकरदारांच्या घरच्या माणसांसाठी मेळावा ठेवला, त्यात जेवण आणि एक स्पर्धा. एक रुपयाही लावायचा नव्हता. बक्षीस होतं मिक्सर. साठेक लोक होते, बहुतेक माझ्याच वयाचे, सकाळच्या गोळ्या घेऊन आलेले. मी जे येतं ते केलं, म्हणजे सोडत राहिलो. जोरवाले लोक एकमेकांना भिडून उठत गेले आणि मी खुर्चीवरच राहिलो. जेवणानंतर मला डुलकीही लागली. जागा झालो तर टेबलावर आठच जण. चार वाजता दोनच उरले, मी आणि समोर दीपमाला.

मला दोन पत्ते आले. दोन बादशाह. याच्यापेक्षा मोठी जोडी फक्त एक्क्यांची असते. मी काही बोलायच्या आत दीपमालाने तिच्या सगळ्या चकत्या पुढे सरकवल्या, ताटात आणखी एक पोळी सरकवते तशा. मी तिच्या तोंडाकडे पाहिलं. एकतीस वर्षं पाहतो आहे, भाजीत मीठ विसरली आहे का मुद्दाम कमी घातलं आहे, हेसुद्धा मला अजून त्यावरून कळत नाही. दोरीपलीकडे खुशबू उभी होती, तिला बोलायची मनाई होती. माझ्या तोंडात 'सोडतो' हा शब्द आपसूक तयार होता. पण धडा आठवला, बादशाहांची जोडी असली तर मागे सरायचं नाही. मी म्हटलं, "भिडतो." आवाज माझाच होता का, अशी मला शंका आली.

दीपमालाने एक एक्का आणि एक सत्ती दाखवली. खुशबूने नंतर सांगितलं की अशा वेळी दहातून सात वेळा बादशाहच जिंकतात. मधले तीन पत्ते उघडले, काही नाही. चौथा उघडला, तो एक्का. पाचवा काय होता ते मी पाहिलं नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दीपमालाने विचारलं की मिक्सरच्या बदल्यात कुकर मिळते का.

खुशबू माझ्याजवळ आली. "बाबा, तुम्ही बरोबर केलं."

"हरलो न मी?"

"हरले. पण बरोबर केलं. पत्ते उघडायच्या आधी जे माहीत होतं, त्याच्यावर निर्णय बरोबर होता. मागून काय निघालं, त्याच्यावरून निर्णय तोलायचा नसते."

बाई, मी बाहेर जाऊन गाड्या लावतात तिथल्या पायरीवर बसलो. परतीच्या बसमध्ये दीपमाला मिक्सर मांडीवर घेऊन झोपली, आणि मौद्याच्या पुढे मी खुशबूला ती गोष्ट सांगितली, जी तुझ्या-माझ्यात सोळा वर्षं कोणी काढत नाही. तेव्हा मी तुमच्याकडच्या नहरावर होतो. धान निसवायला, लोंबीवर आलेलं, नहराच्या शेवटच्या टोकाच्या बांध्या भेगाळलेल्या, आणि त्यांची पाण्याची पाळी यायला चार दिवस बाकी. मी साहेबांना न विचारता गेट खोललं. दुसऱ्या दिवशी भरल्या बांध्यांवर आभाळ फाटलं, कडेचे धुरे फुटले, धान आडवं होऊन सडलं. त्यात दीड एकर तुझं होतं. मला मेमो मिळाला, त्याचं मला काही वाटलं नाही. पण मी तुमच्या दारात आलो तेव्हा भाऊजी म्हणाले, "चहा घेऊन जा, परसराम," आणि तू चहा ठेवून आत गेलीस ती बाहेर आली नाहीस. त्यानंतर मी कुठल्याच डावाला भिडलो नाही. बढतीची परीक्षासुद्धा मी सोडली.

खुशबूने तीनच गोष्टी विचारल्या. पाऊस किती दिवस नव्हता? सोळा दिवस. रेडिओ काय सांगत होता? कोरडं. आणखी चार दिवस धान टिकलं असतं का? नाही. ती म्हणाली, "मंग गेट खोलणं बरोबर होतं, बाबा." चौकशीला तीन साहेब आले होते, पण हे तीन प्रश्न एकानेही विचारले नव्हते. लाखनी येईपर्यंत मी खिडकीबाहेर पाहत राहिलो. कंडक्टरने विचारलं, काकाजी, गाडी लागली का. मी हो म्हटलं.

एवढाच माझा जुगार. आता मी पत्ते पूर्ण सोडले आहेत, तेव्हा राग सोड आणि फोन उचल. भाऊजींच्या फोटोला माझा जयभीम.

तुझा,
परसराम

ता. क. पत्ते पूर्ण सोडले असं वर लिहिलं, ते रविवार सोडून. रविवारी कैलाशही येतो, आपले चिंचोके आपण घेऊन. खुशबूला तो काही विचारत नाही.

दुसरा ता. क. पत्र लिहिलं ते खरं यासाठी. त्या दिवशी सायकलने गेटावर जाताना मी तुझ्या दारावरूनच गेलो होतो. तू अंगणात तांदूळ पाखडत होतीस. मी थांबलो नाही. आजवर सगळ्यांना सांगितलं की तुला जबाबदारीत ओढायचं नव्हतं, पण खरं म्हणजे तू नाही म्हणशील याची भीती होती. थांबून विचारलं असतं तर तू काय म्हटलं असतंस, 'खोल' का 'राहू दे'? पाऊस आला हे विसरून सांग. मागून जे कळलं ते धरायचं नाही.

तिसरा ता. क. उत्तर 'राहू दे' असेल तर कागदावर लिहू नको, इथे येऊन तोंडावर सांग. 'खोल' असेल तरी इथेच येऊन सांग. दीपमालाने तुझी खाट सकाळीच उन्हात टाकली आहे.